रुमालाखालचा हात

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर.)



चालकांनी आम्हांस एका व्यापाऱ्याच्या चरित्रावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या काही स्नेह्यांनी नाके मुरडली. चरित्रे सांगावीत ती संतांची, वीरांची, लोकनायकांची. धान्याच्या आढत्याचे चरित्र ते काय सांगायचे, असा त्यांचा सवाल होता. आमचे उत्तर साधे आहे. संतांवाचून एखादे गाव काही काळ निभावून नेईल. धान्य आणणाऱ्यावाचून ते आठ दिवसही निभावणार नाही. आणि ज्याच्यावाचून निभावत नाही, त्याला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. त्याला ओळखून घ्यावे लागते.

आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे ते गृहस्थ आपल्याकडचे नव्हेत. त्यांचे नाव मिशेल फ्रिबूर. ‘कॉन्टिनेन्टल ग्रेन’ या कंपनीचे ते दीर्घकाळ धुरीण होते. जगाच्या धान्यबाजारात विसाव्या शतकात ज्या पाच पेढ्यांचा दबदबा होता, त्यांपैकी ही एक. कारगिल, बुंगे, लुई द्रेफुस आणि आंद्रे या बाकीच्या चार. या पाचही पेढ्या मुळात घराण्यांच्या. त्यांचे भागभांडवल शेअरबाजारात नसे, त्यांचे ताळेबंद वर्तमानपत्रांत छापून येत नसत. जगातील कोट्यवधी माणसांच्या ताटातील घास या घराण्यांच्या हातांतून जात असे. परंतु ते हात कोणाचे, हे घास खाणाऱ्याला ठाऊक नसे.

फ्रिबूर घराण्याचे मूळ गाव आर्लों. आज हे गाव बेल्जममध्ये, लक्झेंबर्गच्या सरहद्दीला अगदी लागून आहे. १८१३ साली सिमाँ फ्रिबूर यांनी येथे धान्याची पेढी घातली, तेव्हा त्या मुलखावर नेपोलियनचे राज्य होते. पुढे राज्ये बदलली. १८३९ च्या तहाने लक्झेंबर्गचे दोन तुकडे झाले आणि आर्लों बेल्जमच्या वाट्यास गेले. गावात लक्झेंबर्गी बोली बोलली जाई, कारभार फ्रेंचमध्ये चाले. सरहद्द सरकली, पेढी मात्र चालू राहिली. सीमेवरच्या माणसाला दोन बाजारांचे भाव, दोन प्रकारची मापे आणि दोन नाणी लहानपणापासून ठाऊक असतात. लुई द्रेफुस यांच्या पेढीची कथाही अशीच आहे. ती आल्सासमधली, तिचा आरंभच मुळी शेजारच्या शेतकऱ्यांचा गहू घेऊन तो सरहद्दीपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला विकण्यापासून झाला. येथे बसलेल्या भुसार व्यापाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कंपनीच्या इतिहासात अशी हकीकत सांगतात की, १८४८ साली बेल्जममध्ये दुष्काळ पडला, तेव्हा या घराण्यातील माणूस सोन्याच्या थैल्या घेऊन थेट काळ्या समुद्राकडे, बेसारेबियात गेला आणि तेथून गहू घेऊन आला. हकीकतीतील मीठमसाला वजा केला तरी धान्यव्यापाराचे बीज तीत दिसते. येथे धान्य नाही हे सर्वांनाच दिसत होते. ते कोठे आहे हे या माणसाला कळले. या कळण्यालाच खरे भांडवल म्हणावयाचे. सोने दुय्यम.

पुढे पेढी अँटवर्प बंदरात गेली. पहिल्या महायुद्धात तिला लंडनचा आश्रय घ्यावा लागला. नंतर पॅरिस, आणि १९२१ साली तिने अमेरिकेत पाय रोवला. मिशेल यांचा जन्म १९१३ सालचा, अँटवर्पचा. म्हणजे पेढीच्या शंभराव्या वर्षीचा. फ्रिबूर घराणे ज्यू धर्माचे होते. १९४० साली हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये शिरल्या तेव्हा या मंडळींना युरोप सोडून न्यूयॉर्क गाठावे लागले. मिशेल अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. १९४४ साली त्यांचे वडील ज्यूल वारले आणि एकतीस वर्षांच्या या तरुणावर पेढीचा भार येऊन पडला.

त्या वेळी परिस्थिती काय होती? युरोपातील कचेऱ्या युद्धात बंद पडलेल्या. पण युद्ध संपताच अर्धे जग भुकेले होणार, आणि धान्य उरणार ते अमेरिकेत, हे दिसत होते. मिशेल यांनी कचेऱ्या पुन्हा उघडल्या, नदीकाठी आणि बंदरांत धान्याची उंच कोठारे घेतली, बोटी भाड्याने धरल्या. त्यांनी धान्यासाठी स्वतः जमीन कसली नाही की गिरणीत बसून पीठ दळले नाही. शेत आणि गिरणी यांच्या मधला जो लांबलचक रस्ता आहे, त्याचे ते धनी झाले. ते मितभाषी होते, वृत्तपत्रकारांना टाळत. ज्या धंद्यात एक शब्द बाहेर गेला तर लाखोंचा तोटा होतो, त्या धंद्यात वाढलेल्या माणसाचा हा स्वभाव होय.

येथे थोडे थांबून या धंद्याची रीत सांगितली पाहिजे. त्यावाचून पुढची कथा समजणार नाही. आपल्या गावचा आढत्या समोर पडलेले पोते पाहतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि मग भाव बोलतो. जागतिक सौदागराला ही चैन नाही. तो पुष्कळदा जो माल त्याच्या कोठारात नाहीच, तो आधी विकून मोकळा होतो. अमुक महिन्यात अमुक बंदरावर इतके लाख टन गहू इतक्या भावाने पोहोचता करीन, असा शब्द देतो, आणि मग तो गहू विकत घ्यायला निघतो. मधल्या काळात भाव चढला तर तो बुडाला. म्हणून तो शिकागोच्या वायदेबाजारात उलट बाजूने सौदे करून ठेवतो आणि भावाच्या चढउतारापासून आपला बचाव करतो. परंतु हे सर्व साधायचे असेल तर एक गोष्ट आवश्यक असते: आपण एवढा माल विकला आहे ही वार्ता, माल घेऊन होईपर्यंत कोणाला कळता कामा नये. म्हणजे गुप्तता ही नेहमी लबाडीच असते असे नव्हे. कित्येकदा ती व्यापाऱ्याची ढाल असते. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढे आम्हांला त्या ढालीविरुद्ध बोलावयाचे आहे.

१९६३ साली रशियात पीक बुडाले. शीतयुद्ध ऐन भरात होते. शत्रूला गहू विकावा काय, या प्रश्नावर अमेरिकेत वादंग माजले. अध्यक्ष केनेडी यांनी ऑक्टोबरमध्ये विक्रीस संमती दिली, पण निम्मा माल अमेरिकन बोटींतूनच गेला पाहिजे अशी अट घातली. अमेरिकन बोटींचे भाडे महाग. बाकीचे व्यापारी हिशेब करीत राहिले. मिशेल फ्रिबूर यांनी १९६४ च्या जानेवारीत सुमारे दहा लाख टन गव्हाचा सौदा पुरा केला. गोदी कामगारांनी माल चढवण्यास विरोध केला, तोही निभावून नेला. या सौद्याने त्यांचे नाव मॉस्कोत पक्के झाले.

आठ वर्षांनी, १९७२ साली, रशियात पुन्हा पीक बुडाले. या वेळी ते किती बुडाले आहे, हे रशियाबाहेर फारच थोड्यांना ठाऊक होते. जूनअखेर निकोलाय बेलोउसोव नावाचे अधिकारी आपल्या सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कला आले. त्यांच्या सरकारी संस्थेचे नाव एक्स्पोर्टख्लेब. रशियन भाषेत ख्लेब म्हणजे भाकरी. भाकरी निर्यात करण्यासाठी स्थापन झालेली संस्था ती विकत घ्यायला आली होती. ५ जुलै १९७२ रोजी कॉन्टिनेन्टलने सुमारे ४० लाख टन गहू आणि ४५ लाख टन मका व पशुखाद्याचे धान्य विकण्याचा करार केला. किंमत सुमारे ४६ कोटी डॉलर. मिशेल फ्रिबूर यांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा सौदा.

पण बेलोउसोव तेथे थांबले नाहीत. ते एकेका पेढीकडे स्वतंत्रपणे गेले. प्रत्येकाला आपलाच सौदा काय तो मोठा, असे वाटत राहिले. उन्हाळा संपेतो रशियाने अमेरिकेकडून सुमारे १ कोटी २० लाख टन गहू उचलला होता. म्हणजे त्या देशाच्या वर्षाच्या पिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा! गंमत अशी की, निर्यातीचा भाव खाली राहावा म्हणून अमेरिकन सरकार व्यापाऱ्यांना आपल्या तिजोरीतून अनुदान देत होते. म्हणजे अमेरिकेच्या करदात्याने पैसे भरले आणि रशियाला स्वस्त गहू मिळाला. बुशेलला, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोला, दीड-पावणेदोन डॉलर असलेला भाव पुढल्या दीड वर्षात तिपटीच्या वर गेला.

यात नागवला कोण? टेक्सास, ओक्लाहोमाकडचा शेतकरी पहिला. तिकडे पीक लवकर येते. जून-जुलैमध्ये, कोणाला काही ठाऊक नसताना, त्याने खळ्यावरचा गहू जुन्या भावाने विकून टाकला. घाम त्याचा, वार्ता दुसऱ्याची. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. ‘धान्याचा महादरोडा’ असे त्या व्यवहाराचे नाव पडले. कृषिखात्याचे एक वरिष्ठ अधिकारी, जे त्याच वसंतात मॉस्कोशी चाललेल्या बोलण्यांत होते, ते जूनमध्ये कॉन्टिनेन्टलचे उपाध्यक्ष होऊन बसले, हेही लोकांच्या डोळ्यांत खुपले. संसदेच्या समित्यांपुढे चौकश्या झाल्या.

परंतु, बंधूंनो, ज्याला या सौद्याचा पत्ताही नव्हता असाही एक नागवलेला होता, आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

१९५६ साली भारताने अमेरिकेशी ज्या कराराने धान्य घ्यायला आरंभ केला, तो पी. एल. ४८० आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही आहे. ते धान्य सरकार-सरकारांच्या कराराने येई, पण अमेरिकेत ते खरेदी करून बोटींत भरण्याचे काम अशाच खासगी निर्यातदार पेढ्यांचे असे. रेशनच्या दुकानातला तो लाल गहू, ती मिलो ज्वारी! आमच्या घरातील म्हातारी माणसे मिलोच्या भाकरीची आठवण काढताना आजही तोंड वाकडे करतात. हा परावलंबी घास नको म्हणून १९७१ च्या अखेरीस भारताने सवलतीचे धान्य घेणे थांबवले. निर्धार स्वाभिमानाचा होता. पण दैवाची चेष्टा अशी की, पुढच्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. १९७२ चा तो दुष्काळ! महाराष्ट्रातील लाखो शेतकरी घरदार टाकून रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत बसले होते, मुलांच्या हातांवर सुकडी पडत होती, आणि नेमक्या त्याच सुमारास जगाच्या बाजारातला गहू एका मोठ्या गिऱ्हाइकाने गुपचूप उचलून नेला होता. भारत सरकार बाजारात गेले तेव्हा भाव कडाडलेले. अखेर १९७३ साली आपण त्याच सोव्हिएत रशियाकडून २० लाख टन गहू उसना घेतला. रशियाने तो दिला, त्याबद्दल कृतज्ञ असलेच पाहिजे. पण ज्याने बाजार रिकामा केला त्याच्याच दारी शेर घेऊन उभे राहण्याची पाळी आली, हेही विसरता येत नाही.

मग दोष कोणाचा? मिशेल फ्रिबूर यांचा काय? आम्ही तसे म्हणत नाही. त्यांनी आपल्या धंद्याच्या रीतीने सौदा केला. बेलोउसोव यांनी आपल्या देशाची भूक भागवली. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: त्या सौद्यात सर्वांत अधिक गुप्तता राखली ती कोणा नफेखोर शेठजीने नव्हे, एका समाजवादी सरकारच्या खात्याने! व्यापाऱ्याला हाकलून सरकार बसवले की सर्व ठीक होते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडेही १९७३ च्या एप्रिलमध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने हाती घेतला होता. धान्य बाजारातून दिसेनासे झाले आणि वर्षभरात तो निर्णय गुंडाळावा लागला. हात व्यापाऱ्याचा की सरकारचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की, त्या हातावर रुमाल आहे की नाही?

रुमाल म्हणताच येथील जुन्याजाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. पूर्वी आपल्या बाजारांत सौदा कसा होई? आढत्या आणि खरेदीदार हात हातात घेत, वरून उपरणे किंवा रुमाल टाकत, आणि आत बोटे दाबून भाव ठरत असे. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा. त्याला दिसे तो फक्त हलणारा रुमाल! आत किती बोटे दाबली, बाहेर किती सांगितली, याचा साक्षी कोण? मग पट्टीत हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय. आणि उरलेली रक्कम घेऊन तो बापडा गाडी जुंपी. १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. नियंत्रित बाजार आले आणि रुमालाच्या जागी उघडा लिलाव आला. त्या वेळीही ‘आता धंदा बुडणार’ अशी ओरड झाली. धंदा बुडाला काय? रविवार पेठेतल्या पेढ्यांना विचारा!

अमेरिकेने १९७३ साली हेच केले. कायदा असा झाला की, मोठ्या निर्यातदाराने आपल्या विक्रीची माहिती दर आठवड्यास सरकारला कळवावी. पुढे असाही नियम आला की, एकाच दिवसात एकाच देशाला एक लाख टन किंवा अधिक धान्य विकले तर दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कळवावे. सरकारने ते सर्वांसाठी प्रसिद्ध करावे. व्यापाऱ्याचे नाव नाही, त्याचा नफा नाही. किती माल कोठे चालला, एवढेच. मोंढ्यातला रुमाल आपण १९३९ साली उचलला. जगाच्या धान्यबाजारातला उचलायला १९७३ उजाडावे लागले, आणि तोही भुकेल्यांचे घास महाग झाल्यावर!

वजनकाट्याचेही तसेच झाले. १९७५ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्स बंदरात धान्याच्या वजनात आणि प्रतवारीत फसवणूक होत असल्याचे उघडकीस आले. मोठ्या निर्यातदार पेढ्यांवर खटले झाले. कॉन्टिनेन्टललाही त्याची झळ लागली. १९७६ साली अमेरिकेने धान्य तपासणीची सरकारी यंत्रणा उभारली. मिशेल फ्रिबूर यांच्या चरित्रातील हे पान आम्ही झाकून ठेवणार नाही. ज्या पेढीने शब्दावर कोट्यवधींचे सौदे निभावले, तिच्या धंद्यातही काटा शेवटी लोकांच्या नजरेखाली आणावा लागला. मालकाची सचोटी न्यूयॉर्कच्या कचेरीत असून भागत नाही. ती बंदरावरच्या मापाड्याच्या हातापर्यंत पोहोचावी लागते.

पुढची कथा थोडक्यात. मिशेल यांनी कंपनीला पशुखाद्य, कोंबड्या, वराहपालन अशा धंद्यांकडे वळवले. कारभार त्यांनी १९८८ साली घराबाहेरच्या माणसाच्या हाती दिला. पुढे त्यांचे चिरंजीव पॉल धुरीण झाले. आणि १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले की, कॉन्टिनेन्टल आपला धान्यव्यापारच प्रतिस्पर्धी कारगिलला विकून टाकणार. १९९९ च्या जुलैत, काही कोठारे इतरांना विकण्याच्या सरकारी अटीवर, तो व्यवहार पुरा झाला. जेथून आरंभ झाला तोच धंदा पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी घराण्याने सोडला. मिशेल यांनी हे डोळ्यांनी पाहिले. २००१ च्या एप्रिलमध्ये, सत्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले.

त्यांनी हा धंदा का सोडला असावा? आमच्या मते एक कारण रुमालच होय. पिकांचे अंदाज, बोटींच्या हालचाली, निर्यातीचे आकडे सर्वांना एकाच वेळी दिसू लागले. दुसऱ्याच्या आधी कळणे हे जे फ्रिबूर घराण्याचे भांडवल, ते स्वस्त झाले. नफा पातळ झाला आणि केवळ अजस्र आकाराच्या बळावरच टिकाव लागेल अशी स्थिती आली. तेव्हा हेही कबूल केले पाहिजे की, रुमाल उचलल्याने व्यापार आपोआप लहानांच्या हाती येत नाही. कधीकधी दोन मोठ्यांचा मिळून एक अधिक मोठा होतो. रोग एक बरा झाला म्हणून वैद्याला रजा देता येत नाही.

आता आपल्या घरचे पाहू. येथे भुसार पेढ्यांवर बसणारे तरुण आहेत आणि पेढी सोडून शहराकडे निघालेलेही आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे: फ्रिबूर यांच्यापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे. दूरचे पाहणे घ्या, दिलेला शब्द पाळणे घ्या, चार भाषांत बोलता येणे घ्या, घरदार उद्ध्वस्त झाले तरी नव्या गावी पुन्हा मांडी ठोकून बसण्याची जिद्द घ्या. एकच गोष्ट घेऊ नका: समोरच्याचे अज्ञान हे आपले भांडवल समजणे. ते भांडवल दिवसेंदिवस आटत जाणारे आहे. शेतकऱ्याला भाव ठाऊक असूनही तो तुमच्याच दारी माल घेऊन आला, तर तुम्ही खरे व्यापारी!

आणि शेतकरी बांधवांना आमची विनंती ही की, भाव विचारायला लाजू नका, पट्टी वाचल्यावाचून पैसे उचलू नका. पट्टी तुम्हांला वाचता येत नाही अशा भाषेत मिळत असेल, तर तोही एक रुमालच आहे, आणि तो उचलण्याची मागणी करण्याचा तुम्हांला हक्क आहे.

राहता राहिले आमच्यासारखे लेखणी चालवणारे. अग्रलेखाच्या थोरवीत आम्ही पुष्कळ वर्षे काढली. परंतु वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात जे बाजारभावाचे सदर असते, त्याच्याकडे आम्ही आजवर पाहावे तसे पाहिले नाही, हे या चरित्राच्या अभ्यासाने आम्हांला शिकवले. ज्वारी अमुक, भुईमूग अमुक, गूळ अमुक. एका खेड्यातला म्हातारा नातवाकडून ते सदर वाचवून घेतो आणि मगच पोती गाडीत टाकतो. ते आकडे चुकीचे छापले गेले, शिळे छापले गेले, तर त्याच्या हातावर रुमाल आम्ही टाकला असे होईल. उद्यापासून ते सदर आम्ही स्वतः तपासून छापायला देऊ, एवढे वचन आपल्यासमोर देतो आणि आपली रजा घेतो.